ठासणीची बंदूक : एका शस्त्राची निगा आणि त्याचे शब्द
(ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात)

१

जुन्या शस्त्रांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन बाजूंनी होतो. इतिहासाचा अभ्यासक ते शस्त्र कोणत्या मोहिमेत वापरले गेले हे पाहतो. संग्राहक त्याचे वय, घडण आणि नक्षी पाहतो. ते शस्त्र भरावे कसे, झाडावे कसे आणि झाडून झाल्यावर जपावे कसे, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. युरोप, अमेरिका व जपान येथे हा प्रश्न हजारो हौशी माणसांच्या छंदाचा विषय झालेला आहे. आपल्याकडे तो छंद म्हणून रुजला नाही. परंतु त्याचे उत्तर आपल्या भाषेने मोठ्या प्रमाणावर सांभाळून ठेवले आहे, आणि ते उत्तर हरवण्याच्या बेतात आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. क्षेत्र ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि त्यांच्या मागचा मुरबाड-शहापूरकडील डोंगराळ भाग एवढेच घेतले आहे. बंदुकीच्या इतिहासातील बहुतेक अवस्था या लहान पट्ट्यात एकापाठोपाठ एक पाहावयास मिळतात, म्हणून ही निवड सोयीची आहे.

आरंभ नावापासून करणे योग्य होईल. ‘ठासणीची बंदूक’ म्हणजे जिच्या नळीच्या तोंडातून दारू व गोळी आत सोडून ती गजाने ठासावी लागते अशी बंदूक. हे नाव आज आपणांस जुने वाटते. पण थोडा विचार केला तर ते या शस्त्राइतके जुने असणे संभवत नाही, असे दिसून येईल. सर्वच बंदुका तोंडाकडून भरल्या जात होत्या तोवर कोणत्याही एका बंदुकीला ‘ठासणीची’ म्हणून वेगळे काढण्याचे कारणच नव्हते. त्या काळी भेद केला जाई तो आग कशी लागते यावरून. जळता तोडा लावून जी उडे ती तोड्याची बंदूक. गारगोटी पोलादावर आपटून जी उडे ती चकमकीची. पुढे तांब्याची लहान टोपी बसवून घोड्याच्या ठोक्याने जी उडू लागली ती टोपीची. मागून उघडणारी, काडतूस घालावयाची बंदूक आल्यानंतरच जुन्या सर्व प्रकारांना एकत्र बांधणारे नाव लागले, आणि ते भरण्याच्या क्रियेवरून पडले. नवी वस्तू आल्यावर जुनीला नवे नाव मिळते, हा भाषेचा नित्याचा व्यवहार आहे. हिंदुस्थानच्या सैन्यात मागून भरावयाच्या बंदुका १८६६ नंतरच्या काळात आल्या. तेव्हा ‘ठासणीची’ हे वर्गनाम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले असावे, असे अनुमान करण्यास हरकत नाही. म्हणजे या नावातच एका युगाची समाप्ती नोंदलेली आहे.

२

ठाणे-कल्याण परिसरात बंदूक कशी आली व कशी वावरली, याचे ओझरते दर्शन येथे अवश्य आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई व तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांस दिला आणि साष्टीबरोबर ठाणेही त्यांच्या ताब्यात गेले. त्याच पोर्तुगिजांच्या हातून १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर तोड्याची बंदूक पोहोचली. जपानी लोहारांनी ती पाहून घडविली, आणि पुढे त्या बंदुकीला त्या बेटाचेच नाव पडले. ठाण्याची खाडी आणि तानेगाशिमाचा किनारा यांना जोडणारा हा दुवा पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

१६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी घेतली. १७३७ च्या मार्चअखेर मराठ्यांनी ठाण्याचा अपुरा राहिलेला पोर्तुगीज किल्ला घेतला, आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तोफांनी तट फोडून ठाणे घेतले. १७८० च्या मे महिन्यात कल्याणभोवती कर्नल हार्टले याच्या इंग्रज फौजेची व मराठ्यांची झुंज झाली. या पाच घटनांचे महिने एका ओळीत मांडले, तर त्यांतील एकही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडत नाही, हे लक्षात येते. नद्यांचे पूर, चिखल आणि घोड्यांची वैरण ही कारणे प्रसिद्धच आहेत. परंतु तोड्याच्या बंदुकीच्या दृष्टीनेही कोकणातील पावसाळा म्हणजे शस्त्रसंन्यासच होता. ज्या शस्त्रासाठी दोरीचे टोक सतत धुमसत ठेवावे लागते आणि चिमूटभर कोरडी दारू उघड्या कानाशी ठेवावी लागते, ते शस्त्र श्रावणातल्या सरीत काय कामाचे? दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे, या परंपरेला बंदुकीच्या युगात दारूच्या कोरडेपणाचेही एक कारण येऊन मिळाले होते.

अठराव्या शतकात युरोपीय पलटणींच्या हाती चकमकीची बंदूक आली, तरी देशी शिपायाने तोड्याची बंदूक लवकर टाकली नाही. याचे कारण केवळ जुन्याचा मोह नव्हे. देशी तोडेदार बंदुकीची नळी लांब व जाड असे आणि तिचा पल्ला पुष्कळदा इंग्रजी मस्केटहून अधिक असे. उणीव होती ती वेगाची. चकमकीची बंदूक कवाईत शिकलेल्या रांगेच्या हाती फैरीमागून फैर झाडू शके. तोडेदार एकेकटा नेम धरून मारी. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी १७६१ मध्ये पानिपतावर उभ्या राहिल्या तेव्हा मराठी फौजेत या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या.

यानंतरची पायरी टोपीची. स्कॉटलंडमधील फोर्सिथ या धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये ठोक्याने पेटणाऱ्या द्रव्याच्या योजनेचे पेटंट घेतले; त्यातून पुढे टोपी निघाली, आणि सुमारे १८४० च्या आगेमागे इंग्रजी सैन्याने ती स्वीकारली. १८५३ हे वर्ष आपल्या परिसराच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास आली, आणि त्याच वर्षी इंग्रजी सैन्याने एन्फील्ड रायफलीचा नमुना मान्य केला. ठासणीच्या युगातली ही शेवटची मोठी लष्करी बंदूक. तिच्या कागदी काडतुसाच्या चरबीवरून १८५७ मध्ये जे घडले ते सर्वश्रुत आहे.

३

आता शब्दांकडे वळू. या शस्त्राशी निगडित असलेली मराठी शब्दसंपत्ती जमवली, तर तिचे दोन स्पष्ट गट पडतात.

पहिला गट वस्तूंच्या नावांचा. ‘बंदूक’ हा अरबी ‘बुन्दुक’. मूळ अर्थ एक जातीचे कवचीचे फळ, त्यावरून गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारे शस्त्र. या अरबी शब्दाचे मूळ पुन्हा काळ्या समुद्राच्या ग्रीक नावात शोधले जाते. ‘तोफ’ व ‘चकमक’ हे तुर्की. ‘दारू’ हा फारसी. तिकडे त्याचा अर्थ औषध. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूला ‘आगीचे औषध’ अशाच अर्थाचा शब्द आहे, हे साम्य मनोरंजक आहे. मराठीत हा शब्द एका बाजूने बंदुकीत आणि दुसऱ्या बाजूने पेल्यात गेला, आणि औषध हा मूळ अर्थ तेवढा नाहीसा झाला. काडतुसे ठेवण्याच्या पिशवीस ‘तोसदान’ म्हणत. तोही फारसी, मूळ अर्थ शिदोरीची पिशवी. ‘काडतूस’ हा पोर्तुगीज ‘कार्तुशु’. मूळ काडतूस म्हणजे दारू व गोळी बांधलेली कागदाची सुरळी. आज त्याच शब्दाने पितळी कवच समजले जाते. वस्तू पालटली, शब्द राहिला. ‘फैर’ हा इंग्रजी ‘फायर’ होय.

दुसरा गट कृतींच्या नावांचा. दारू भरणे, गोळी सोडणे, ठासणे, तोडा शिलगावणे, नेम धरणे, चाप ओढणे, बंदूक झाडणे, नळी पुसणे. यांतील क्रियापदे जवळजवळ सर्व घरची आहेत. ‘बार भरणे’ यातील ‘बार’ फारसी, म्हणजे ओझे किंवा भरती; पण ‘भरणे’ आपले. शस्त्राच्या ज्या अवयवांना हात लावावा लागतो त्यांची नावेही बहुधा घरचीच: नळी, माशी, घोडा, कान. नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाशी असलेला बारीक उंचवटा ती माशी. ठोका देणारा तो घोडा. आग आत जाण्याचे छिद्र तो कान. ‘चाप’ या शब्दाविषयी दोन मते संभवतात. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य, म्हणून जुन्या शस्त्राचे नाव नव्याच्या कळीला मिळाले असे म्हणता येईल. किंवा दाबणे या अर्थाच्या ‘चापणे’वरून तो आला असे म्हणता येईल. मला दुसरे मत अधिक साधे वाटते.

या विभागणीचा अर्थ काय? वस्तू विकत घेतली जाते तेव्हा तिचे नाव तिच्याबरोबर येते. क्रिया मात्र विकत मिळत नाही. ती हाताने शिकावी लागते, आणि हात शिकतो तेव्हा तोंड आपलेच शब्द वापरते. बंदूक परदेशाहून आली. बंदूक चालविणे येथे शिकले गेले. मराठी क्रियापदे या शिक्षणाची साक्ष आहेत.

याची उलट कसोटीही इतिहासात मिळते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्ग आहे आणि त्यात यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजलेले आहेत. राजाज्ञेचे पाठबळ असूनही शिपायाच्या तोंडची ‘बंदूक’ हलली नाही. कोश वस्तूंची नावे बदलू पाहत होता. क्रियापदे बदलण्याची त्याला गरजच नव्हती. ती आधीच मराठी होती.

या शब्दांचा सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार मोल्सवर्थचा कोश होय. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची व दुसरी १८५७ ची. म्हणजे दोन्ही ठासणीच्या युगातल्या. मोल्सवर्थ आणि त्याचे साहाय्यक कँडी बंधू हे कंपनीच्या सैन्यातले अधिकारी. रंजक म्हणजे कानाशी ठेवावयाची बारीक दारू, जामगी व तोडा म्हणजे पेटती दोरी, हे शब्द त्यांनी ग्रंथांत वाचून घेतले नव्हते. ज्यांच्या स्वतःच्या हातात ती बंदूक होती अशा माणसांनी केलेला हा कोश आहे. पुढील कोणत्याही कोशकाराला ही अनुकूलता लाभणे शक्य नव्हते.

वाक्प्रचारांतही कृतीच उरली आहे. योजना फसली की आपण ‘बार फुसका निघाला’ म्हणतो. मुहूर्त साधून लग्नाचा बार उडवून देतो. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. भांडण शिलगावून मोकळे होतो. ‘ठासून सांगणे’ याविषयी मात्र सावधगिरी हवी. ठासणे म्हणजे दाबून भरणे, हा अर्थ बंदुकीवाचूनही सिद्ध आहे; पोते आणि उशीही ठासून भरतात. तेव्हा तो वाक्प्रचार बंदुकीतूनच आला असे निश्चयाने म्हणता येणार नाही. एवढे खरे की बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गज उभा असेपर्यंत त्या शब्दाला जे वजन होते ते आज राहिलेले नाही.

४

ती कृती प्रत्यक्षात काय होती, हे आता पाहिले पाहिजे; कारण निगेचे सारे शास्त्र तिच्यातूनच निघते.

बंदूक उभी धरून मापलेली दारू नळीत ओतावयाची. तिच्यावर गोळी, साध्या नळीत गोळी सैल बसते म्हणून ती घरंगळू नये यासाठी कागद किंवा चिंधी. मग गजाने ठासावयाचे. येथे ठासण्याचा हेतू दारू चिरडणे हा नसून गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहू न देणे हा आहे. पोकळी राहिली तर स्फोटाचा दाब एका ठिकाणी साचून नळी फुगण्याचा वा फुटण्याचा धोका असतो. नंतर गज बाहेर काढावयाचा, कानाशी रंजक ठेवावयाची किंवा टोपी बसवावयाची, आणि नेम धरून चाप ओढावयाचा. रंजक पेटूनही आतला बार पेटला नाही, तर बंदूक लगेच खाली न करता नळी सुरक्षित दिशेस धरून थांबावे लागते. आग उशिरा पोहोचण्याचा संभव असतो.

रायफलीची गोष्ट आणखी निराळी. तिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा पाडलेल्या असतात. गोळी त्या खाचांना घट्ट चिकटली तरच ती गरगर फिरत सरळ जाते. पण घट्ट गोळी तोंडाकडून घालावयाची म्हणजे तेलकट चिंधीत गुंडाळून जोराने रेटणे आले. त्यामुळे जुनी रायफल नेमाला चांगली, पण भरावयास फार सावकाश. फ्रेंच अधिकारी मिनिए याने १८४९ च्या सुमारास ही अडचण सोडविली. त्याने गोळी लांबट व बुडाशी पोकळ केली. ती सैलपणे आत जाई आणि बार उडताच तिचे बूड फुगून खाचांत बसे. तीन खाचांची एन्फील्ड याच तत्त्वावर चालली.

आता निगा. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू जळते तेव्हा तिचा सुमारे अर्धा भाग वायू न होता घन रूपात राहतो आणि त्यातील काही राखेच्या रूपाने नळीत उरतो. या राखेत पोटॅशचे क्षार असतात. ते हवेतील ओल शोषतात, आणि ओली राख लोखंड खाते. कोरड्या मुलखात एका रात्रीची हयगय एकवेळ खपेल. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत ती खपत नाही. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून नुसते तेल फिरवून ठेवलेली बंदूक बाहेरून चकचकीत दिसते आणि आतून सडते. खरी पद्धत उलटी आहे: आधी कढत पाणी नळीतून खेळवावयाचे, गजाला गुंडाळलेल्या चिंध्या स्वच्छ बाहेर येईपर्यंत फिरवावयाच्या, तापलेली नळी आतून पूर्ण कोरडी होऊ द्यावयाची आणि मगच तेलाचा पातळ हात द्यावयाचा. ज्या शस्त्राचा शत्रू ओल, त्याला पाण्याने धुवावयाचे, हे नवख्याच्या बुद्धीला पटत नाही. घरातील पितळी भांडी चिंचेने घासण्याची सवय असलेल्या हातांनी बंदुकीचे पितळी साजही चिंचेने उजळले जातात. तो आंबटपणा शेजारच्या लोखंडास लागला की गंज धरतो. दस्त्याचे लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. खिळ्या सैल होतात. चापाची कमान ताणलेली ठेवली तर ती मरते.

सर्वांत महत्त्वाची खबरदारी निराळीच आहे. भिंतीवर टांगलेली ठासणीची बंदूक रिकामी आहे असे कधीही गृहीत धरू नये. काडतुसाची बंदूक उघडून पाहता येते. ही उघडत नाही. कोणा पूर्वजाने भरून ठेवलेला बार दोन पिढ्या आत तसाच असू शकतो, आणि कोरडी राहिलेली काळी दारू वयाने निरुपद्रवी होत नाही. तपासण्याची जुनी रीत साधी आहे: गज अलगद आत सोडावयाचा, तोंडाशी खूण करावयाची, आणि तोच गज बाहेरून नळीशी धरून तो कानापर्यंत पोहोचला होता की अलीकडेच अडला होता, हे पाहावयाचे. अडला असेल तर जाणत्या शस्त्रकारागिरावाचून पुढे काहीही करू नये. तसेच आजची निर्धूर दारू जुन्या नळीत कधीही घालू नये. तिचा दाब ती नळी सोसू शकत नाही.

महाराष्ट्रात या निगेला एक ठरलेला दिवसही होता. खंडेनवमीस शस्त्रे उतरवून, पुसून, पूजेस मांडण्याची चाल घराघरांत होती. पावसाळ्याची ओल नुकती सरलेली असते आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन दुसऱ्या दिवसावर आलेले असते. धर्माचा विधी आणि लोखंडाची गरज यांची इतकी नेमकी सांगड क्वचितच आढळेल. आज पूजा बहुधा तलवारीची, अवजारांची वा यंत्राची होते, आणि हळदकुंकू वाहिले जाते. नळी पुसणे त्यातून गळून पडले आहे.

५

हे ज्ञान दुर्मिळ का झाले, याचे उत्तर तंत्राबरोबर कायद्यातही आहे. १८५७ नंतर हत्यारे काढून घेण्याचे धोरण आले. १८६० चा आणि पुढे १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला, आणि परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला. पल्ला कमी, भरावयास उशीर, म्हणून ठासणीची बंदूक सरकारच्या दृष्टीने कमी धोक्याची. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही, जो १९६२ मध्ये अंमलात आला, या बंदुकीस वेगळे स्थान आहे: पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद त्यात केलेली आहे. रानडुकरांपासून भात व वरी राखणाऱ्या शेतकऱ्याचे हे शस्त्र. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीचा मार्ग बंद केला, आणि राखणीपुरताच तिचा उपयोग उरला.

घराण्यातील जुन्या बंदुकीची स्थिती अधिक विचार करण्याजोगी आहे. त्याच अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने कालबाह्य घडणीच्या किंवा पुराण वस्तू म्हणून मूल्य असलेल्या हत्यारास सूट दिली आहे. पण ते दुरुस्तीने वा दुरुस्तीवाचून चालू शकत नसेल तरच. या अटीचा भाषिक अर्थ काळजीपूर्वक पाहावा. वस्तू जितकी चांगली जपलेली, तितकी ती सुटीबाहेर. जितकी निकामी, तितकी निर्धोक. परवान्याची कटकट नको असलेल्या वारसापुढे मार्ग उरतो तो निकामी केलेल्या नळीचा. १९व्या शतकात ज्याला निगा म्हणत, ती आज कायद्याच्या नजरेत जबाबदारी ओढवून घेणारी गोष्ट झाली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ साधारणतः दोनच बंदुका असाव्यात अशी मर्यादा घातली, आणि ती वारशाने आलेल्या बंदुकांसही लागू केली. कायद्याच्या हेतूविषयी येथे तक्रार नाही; गावठी हत्यारांचा उपद्रव खरा आहे, आणि रात्रीच्या शिकारीत माणसे दगावतात हेही खरे आहे. फक्त परिणाम नोंदवावयाचा आहे. आज ‘ठासणीची बंदूक’ हा शब्दप्रयोग मुख्यतः वृत्तपत्रांच्या गुन्हेवार्तांत आणि पोलिसांच्या पंचनाम्यांत जिवंत आहे. जो शब्द एका कौशल्याचे नाव होता तो मुद्देमालाचे नाव झाला आहे.

हा परिणाम अटळ होता काय? जपानचे उदाहरण पाहावे. हत्यारांविषयी जपानचा कायदा आपल्याहून सौम्य मुळीच नाही. तरी तेथे जुन्या तोड्याच्या बंदुका कलावस्तू म्हणून नोंदवून बाळगता येतात. जुन्या संप्रदायांची मंडळे किल्ल्यांच्या उत्सवांत, नेमून दिलेल्या शिस्तीत, नुसत्या दारूचे बार उडवून दाखवितात. अमेरिकेत १९३३ मध्ये ठासणीच्या रायफली चालविणाऱ्यांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाही भरत आल्या आहेत. त्या स्पर्धांतील तोड्याच्या बंदुकीच्या एका प्रकाराचे नाव ‘तानेगाशिमा’ असे आहे. ज्या पोर्तुगीज जहाजांच्या व्यापारात ठाणे सापडले होते, त्यांनी नेलेली बंदूक आज तेथे खेळ म्हणून जिवंत आहे. ठाण्याकडे तिचे शब्द आहेत.

६

शब्द आहेत, हेही थोडके नाही. पण ते किती काळ राहतील याची शाश्वती नाही. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे शिवजयंतीच्या निमित्ताने शस्त्रप्रदर्शने भरतात आणि लोक ती आवडीने पाहतात. तेथे तलवारीच्या मुठीचा प्रत्येक भाग नावानिशी सांगितला जातो. बंदुकीपुढे मात्र ‘ठासणीची बंदूक’ एवढी एकच चिठ्ठी असते. रंजक कोठे ठेवीत, कान कोणता, गज किती आत जावयास हवा, हे सांगणारा कोणी जवळ नसतो. वस्तू समोर आहे, कोशात शब्द आहे, आणि दोहोंना जोडणारा हात नाही.

तो हात अजून सर्वस्वी नाहीसा झालेला नाही. राखणीच्या बंदुकीचे जुने परवानेदार, जुन्या बंदुका दुरुस्त करणारे परवानाधारक कारागीर आणि काळजीपूर्वक संग्रह सांभाळणारे काही हौशी लोक, या तिघांपाशी मिळून हे ज्ञान तुकड्यातुकड्यांनी शिल्लक आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे गेले पाहिजे, आणि केवळ ‘याला काय म्हणतात?’ असे विचारून परत येता कामा नये. त्या प्रश्नाने वस्तूंची नावे मिळतात, आणि ती तर कोशात आहेतच. विचारावयाचे ते ‘आता पुढे काय करावयाचे?’ असे. निकामी केलेली बंदूक समोर ठेवून, दारूवाचून, प्रत्येक हालचाल करवून घ्यावी आणि त्या हालचालीबरोबर येणारे क्रियापद टिपावे. किती ठासावे यासाठी कोणता शब्द येतो. गज शेवटी आदळताना निघणाऱ्या आवाजाला काय म्हणतात. ओल खाल्लेल्या दारूचे, उशिरा पेटलेल्या बाराचे, आतून खाल्लेल्या नळीचे नाव काय. आगरी, कातकरी, कुणबी यांच्या बोलींत यांत काय फरक पडतो. कोशांच्या स्तंभांत हे सापडणार नाही.

अशी यादी तयार झाली तर ती वर्णानुक्रमाने लावू नये, असे माझे मत आहे. वर्णानुक्रमात ‘गज’ आधी येतो, ‘दारू’ मध्ये आणि ‘पुसणे’ त्यानंतर. त्यातून कोणालाही काही करता येत नाही. ती भरण्याच्या क्रमाने लावावी: ओतण्यापासून आरंभ, ठासणे मध्ये, झाडणे त्यानंतर, आणि कढत पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावून ठेवणे सर्वांत शेवटी. मग ज्याच्या घरी एखादी जुनी बंदूक भिंतीवर आहे, त्याला ती यादी वाचून निदान एवढे कळेल की पहिले काम तेल लावण्याचे नाही. गज आत सोडून ती रिकामी आहे की नाही हे पाहण्याचे आहे.